मोबाइलमधला पाऊस आणि अंगणातला पाऊस

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण. बचत गटांतल्या मैत्रिणींनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत.)

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील, तर ती घासता घासता ऐका. आज पावसावर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, पावसावर काय बोलायचं, तो पडला तर पडला. पण आजकाल पाऊस दोन ठिकाणी पडतो. एक अंगणात पडतो आणि एक मोबाइलमध्ये. दोन्ही पाऊस एकसारखेच पडतील असं मात्र नाही. आणि पैसा, पंचनामा, पाण्याची पाळी हे सगळं पुष्कळदा मोबाइलमधल्या, म्हणजे आकड्यातल्या पावसावर ठरतं. म्हणून हा आकडा येतो कुठून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण बायकांनी समजून घेतलं पाहिजे.

आमचं गाव पारनेर तालुक्याच्या पठारावरचं. मागे एका सप्टेंबरात संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि रात्री दहापर्यंत त्याने उसंत घेतली नाही. ओढा दुथडी भरला, दोन-तीन बांध फुटले, काढणीला आलेली बाजरी आडवी झाली, कांद्याची रोपं वाहून गेली. सकाळी गावातली माणसं चौकशीला गेली तेव्हा कळलं की आमच्या मंडळाचा आकडा पासष्टच्या आत आहे. म्हणजे कागदावर अतिवृष्टी झालेलीच नाही. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "मग माझ्या घरात गुडघाभर आलं ते काय होतं गं?"

आजी खोटं बोलत नव्हत्या, आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं. यंत्र दुसऱ्या गावात होतं, एवढंच.

एक मिलिमीटर म्हणजे किती?

आधी आकडा समजून घेऊ. बातम्यांत सांगतात, अमुक ठिकाणी ६५ मिलिमीटर पाऊस झाला. आपण पाणी हंड्याने, कळशीने मोजतो. मिलिमीटर तर पट्टीवर असतात. मग पाऊस पट्टीने कसा मोजायचा?

समजा, सपाट अंगणात पाऊस पडला आणि त्यातला एक थेंबही वाहून गेला नाही, मुरला नाही, वाळला नाही. तर अंगणात पाण्याचा जेवढा थर उभा राहील, तो म्हणजे पाऊस. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावरच चालतो.

आता आपलं वीस फूट बाय दहा फुटांचं पत्र्याचं छप्पर घ्या. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण साडेअठरा लिटर, म्हणजे एक मोठा हंडा पाणी खाली येतं. ६५ मिलिमीटर पडला तर बाराशे लिटर. दोनशे लिटरची सहा पिंपं भरली. आणि एक एकर रानावर? एका मिलिमीटरला चार हजार लिटर. ६५ मिलिमीटरला दोन लाख साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. एवढं पाणी एका रात्रीत एका एकरावर उतरलं तर बांध का फुटतो, ते कुणी वेगळं सांगायला नको.

हा आकडा मोजतं कोण?

आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. पूर्वीपासून पाऊस मोजायची पद्धत म्हणजे उघड्यावर ठेवलेलं पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठ वाजता माणूस जायचा, साठलेलं पाणी मोजायचा आणि वहीत लिहायचा. म्हणून आजही चोवीस तासांचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. मध्यरात्री तारीख बदलते, पण पावसाचा दिवस बदलत नाही. आदल्या रात्रीचा पाऊस आजच्या तारखेला का दाखवतात, असा गोंधळ पुष्कळ जणींचा होतो, त्याचं कारण हे.

२०१७ पासून राज्य सरकारने 'महावेध' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. तारेच्या कुंपणात एक खांब, त्यावर फिरणाऱ्या वाट्या, बाजूला एक डबा, वर सौर पट्टी, असं काही तुम्ही पाहिलं असेल. वाट्या वाऱ्याचा वेग मोजतात, डबा पाऊस मोजतो. तापमान आणि हवेतली आर्द्रताही तिथेच मोजली जाते. कुणी माणूस वहीत लिहीत नाही. आकडा आपोआप पुढे जातो आणि संगणकात साठतो. यालाच डेटा म्हणतात. डेटा म्हणजे साठवलेली नोंद, दुसरं काही नाही. दुधाच्या डेअरीतलं तुमचं कार्ड म्हणजे डेटा. बचत गटाची हप्त्याची वही म्हणजेही डेटा.

आता मुद्दा असा की एका महसूल मंडळात पुष्कळ गावं येतात आणि केंद्र असतं एकाच ठिकाणी. चोवीस तासांत त्या केंद्रावर ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. आषाढातला झिमझिम पाऊस सगळीकडे सारखा पडतो, तेव्हा एक केंद्र पुरतं. पण परतीचा पाऊस तसा नसतो. ढग एका शिवारावर फुटतो आणि पलीकडच्या शिवारात नुसती भुरभुर. आपल्याकडे म्हणतातच, बैलाचं एक शिंग भिजलं आणि दुसरं कोरडं राहिलं. अशा पावसाला दहा-बारा किलोमीटरवरचं एक यंत्र कसं पकडणार? म्हणून आता ग्रामपंचायतीपर्यंत हवामान यंत्रं नेण्याची योजना केंद्र सरकारने हाती घेतली आहे. जिथे अशी यंत्रं येतील तिथे ती कुठे बसतात, यावर आपलं लक्ष हवं. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला बसवलेलं यंत्र कमी पाऊस दाखवतं आणि तो कमीपणा वर्षानुवर्षं आपल्या खाती जमा होतो.

सरासरीची गंमत

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे जुना नगर जिल्हा, १४ तालुक्यांचा. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. त्या बाजूच्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, लोक त्याला जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. सह्याद्रीने ढग तिथे अडवले की पुढे पूर्वेला सावली. संगमनेरचं पठार, पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, इथे पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं.

आता बातमी येते, "जिल्ह्यात सरासरीच्या शंभर टक्के पाऊस." ऐकून वाटतं, वा! पण एका सुनेच्या पानात चार भाकरी आणि दुसरीच्या पानात एकही नाही, तर सरासरी दोन-दोन भाकरी. कागदावर दोघींचं पोट भरलं. जिल्ह्याच्या सरासरीचं असंच आहे. म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, हा आकडा कुठला? जिल्ह्याचा, तालुक्याचा, मंडळाचा की आपल्या शिवाराचा?

दुसरा प्रश्न, किती दिवसांत? अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं. पाचशे मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला तर तो मुरतो, विहिरीला उतरतो, बाजरी पोसते. तेवढाच पाऊस पंधरा दिवसांत धो धो पडला तर माती घेऊन ओढ्याने निघून जातो. वर्षाची बेरीज दोन्हीकडे पाचशेच. पण एका वर्षी घरात धान्य आणि दुसऱ्या वर्षी कर्ज. हवामान बदलतंय म्हणतात त्यात हेही येतं. पाऊस किती पडतो यापेक्षा कसा पडतो, हे बदललं की शेतीचं गणित मोडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूला पुराने जे झालं, ते आपण पाहिलं आहे. ज्या भागाला आपण जन्मभर दुष्काळी म्हणत आलो, तिथेच पाण्याने माती खरवडून नेली.

मोबाइल 'तुमचं गाव' म्हणतो तेव्हा

मोबाइलमध्ये गावाचं नाव घातलं की तो सांगतो, उद्या दुपारी तीन वाजता पाऊस. आपल्याला वाटतं, आपल्या गावावर कुणी डोळा ठेवून बसलंय. तसं नसतं. संगणक जमिनीचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनाचा एक अंदाज काढतो. आपल्या हवामान खात्याचा मुख्य अंदाज आधी बारा किलोमीटरच्या चौकोनावर चालायचा. मे २०२५ पासून 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आली, तिचे चौकोन सहा किलोमीटरचे. सुधारणा मोठी आहे, पण सहा किलोमीटरमध्येही आपल्याकडे दोन वाड्या, एक डोंगर आणि एक ओढा येतो. शिवाय मोबाइलमधली निरनिराळी अ‍ॅप निरनिराळे अंदाज वापरतात. म्हणून सुनेचा फोन पाऊस म्हणतो आणि पोराचा फोन ऊन म्हणतो.

अंदाजात टक्के लिहिलेले असतात, तेही नीट वाचा. "पावसाची शक्यता ३० टक्के" म्हणजे तीस टक्के पाऊस पडेल असं नाही, आणि गावाच्या तीस टक्के भागात पडेल असंही नाही. असे दहा दिवस आले तर साधारण तीन दिवस पाऊस होईल, सात दिवस होणार नाही, असा त्याचा अर्थ. मग ठरवायचं आपण. पापड वाळत घालायचे असतील तर तीस टक्क्यांचा धोका पत्करता येईल. काढलेला कांदा उघड्यावर असेल तर तीस टक्केही जास्तच. अंदाज तोच, पण काय पणाला लागलंय त्यावर निर्णय बदलतो.

रंगांचंही सांगते. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. पण रंग बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याला दिलेला असतो. जिल्ह्याला नारिंगी मिळाला आणि पाऊस अकोल्याच्या डोंगरात झाला, तर जामखेडची बाई म्हणते, यांचं कधी खरं होत नाही. इशारा खोटा नव्हता, तो फक्त मोठ्या जागेचा होता.

एक अ‍ॅप मात्र शेतात जाणाऱ्या प्रत्येकीच्या घरात हवं, ते म्हणजे 'दामिनी'. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते केलंय. आपल्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते आधी सावध करतं. तसा इशारा आला की खुरपं टाकायचं आणि पक्क्या घरात जायचं. झाडाखाली उभं राहायचं नाही. पेरणी, फवारणी, काढणी यांचा सल्ला 'मेघदूत' अ‍ॅपवर मराठीत मिळतो.

आकड्यावर काय काय ठरतं

दुष्काळ जाहीर करायलाही आकडेच लागतात. २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पाऊस किती कमी झाला आणि किती दिवस खंड पडला ते बघतात. मग उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल, पेरणीचं क्षेत्र अशा गोष्टी तपासतात आणि शेवटी प्रत्यक्ष शेतात पाहणी होते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बाकीच्यांनी आवाज उठवल्यावर नोव्हेंबरात एक हजाराहून जास्त महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य झाली. तिथे कसोटी होती जून ते सप्टेंबरच्या पावसाची. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. बघा, त्याच एका वर्षाचं चित्र तालुक्याच्या मापाने एक दिसलं आणि मंडळाच्या मापाने दुसरं दिसलं.

उपग्रह फार कामाचा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याला वरून हिरवं दिसतं. ते हिरवं बाजरीचं आहे की गाजरगवताचं की वेड्या बाभळीचं, हे ओळखणं सोपं नाही. बाजरी हिरवीगार उभी आहे पण कणसात दाणा नाही, हे वाकून बघणाऱ्या बाईलाच आधी कळतं. म्हणून शेतातल्या पाहणीचा टप्पा ठेवलाय. आणि ती पाहणी कधी होणार, कुठल्या गटात होणार, हे विचारायला आपण हजर असलं पाहिजे.

धरणाचं पाणीही तसंच. भंडारदरा ११ टीएमसी, मुळा २६ टीएमसी असं आपण ऐकतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २८३१ कोटी लिटर. पैठणच्या जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशोब होतो. २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपातून ही पद्धत आली. इकडे आपली आवर्तनं अडकतात म्हणून आपण चिडतो, तिकडे मराठवाड्यातल्या आपल्यासारख्याच बायका टँकरपुढे रांगेत असतात. दोन्हीकडची माणसं मोबाइलवर रोज तोच टक्का बघतात आणि एकाला तो जास्त वाटतो, दुसऱ्याला कमी.

फॉरवर्ड आलेला पाऊस

आता व्हॉट्सअ‍ॅप. "पुढील ४८ तासांत ढगफुटी, पुढे पाठवा." असा निरोप आला की आपण घाबरून चार गटांत पाठवतो. ढगफुटी म्हणजे लहानशा भागात एका तासात शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. ती नेमक्या कुठल्या गावावर होणार, हे दोन दिवस आधी सांगणं अजून कुणाला जमत नाही. म्हणजे तो निरोप वाचताक्षणीच संशय यायला हवा.

असा निरोप किंवा व्हिडिओ आला की तीन गोष्टी बघा. तारीख आहे का? ठिकाणाचं नाव आहे का? सांगणारं कोण आहे, खातं की कुणी अमुक-तमुक? तिन्ही नसतील तर पुढे पाठवू नका. व्हिडिओतली माणसं कुठली भाषा बोलतात, गाडीच्या नंबरप्लेटवर काय आहे, तेवढं बघितलं तरी पुष्कळदा कळतं की हा पूर दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच सालातला आहे. एका खोट्या निरोपाने कुणी कच्चा कांदा घाईने काढला, तर त्याचा तोटा निरोप पाठवणारा भरून देत नाही.

सासूबाईंची आठवण आणि तीस वर्षांची वही

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी सासूबाईंना सगळं कळतं. मृगाचा पाऊस, आर्द्रा, पुष्य, हस्त, सगळी नक्षत्रं तोंडपाठ. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की त्या सरपण आत घ्यायला लावतात. ते ज्ञान मोलाचं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांसाठी. कुठला वाल कमी पाण्यावर येतो, कुठलं भात डोंगरउतारावर तग धरतं, ही माहिती कुठल्याही उपग्रहाने टिपलेली नाही. ती बायकांच्या हातांत आणि गाडग्या-मडक्यांत टिकली.

पण आठवणीची एक खोड असते. मोठं ते लक्षात राहतं, बारीक ते विसरतं. १९७२ चा दुष्काळ घराघरांत सांगतात. पण १९८४ च्या जुलैत किती दिवस उघडीप होती, असं विचारलं तर कुणाला सांगता येणार नाही. म्हणून हवामानशास्त्रात तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात. आज गार आहे की गरम, ही झाली आजची हवा. तीस वर्षांत ती कशी वागते, ते झालं हवामान. एका थंड हिवाळ्याने हवामान बदल खोटा ठरत नाही आणि एका कडक उन्हाळ्याने तो सिद्धही होत नाही. वर्षांमागून वर्षांच्या नोंदी एकाच दिशेने जाऊ लागल्या, की मग बदल झाला म्हणायचं. आठवण प्रश्न विचारते, नोंद तो तपासते. घरात दोन्ही असाव्यात.

हिवरे बाजारने काय केलं?

आकडे आपल्या बाजूने कसे वापरावेत, हे शिकायला लांब जायला नको. आपल्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पाऊस साधारण चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, बांधबंदिस्ती झाली, झाडं लागली, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या गावाने आणखी एक गोष्ट केली. गावातला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायला सुरुवात केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्याला, जनावरांना किती लागणार, आणि उरलेल्यात पीक कुठलं घ्यायचं. शेतीला बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत, हे नियम त्या हिशोबावर उभे आहेत. इथे आकडा वरून आला नाही. गावाने काढला आणि गावाने मानला.

आपणही हा हिशोब करून बघू. दीड हजार वस्तीचं गाव. माणशी रोज ५५ लिटर पाणी, जलजीवन मिशनमध्ये हेच माप धरलंय. वर्षाला झालं तीन कोटी लिटर. आता मोकळ्या पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी धरा. एका एकराला झालं ऐंशी लाख लिटर. म्हणजे चार एकर उसाला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी भागतं. ऊस लावणाऱ्याला शिव्या द्यायला हे सांगत नाही, त्याच्याही घरात लेकरं आहेत. पण ठिबक का पाहिजे, हे ग्रामसभेत नुसतं आरडाओरडा करून पटत नाही. असा हिशोब फळ्यावर लिहिला की पटायला लागतं.

आकड्यांत आपण कुठे आहोत?

आता जरा मनाला लागेल असं बोलते. एवढी सगळी नोंद होते, त्यात बाई किती दिसते? टँकर किती आले, याची नोंद असते. टँकरची वाट बघण्यात कुणाची सकाळ गेली, कुणाच्या लेकीची शाळा बुडली, याची नोंद कुठे असते? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदाराने मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कांदा, सोयाबीन, कपाशी यांची नोंद आठवणीने होते. बांधावरची तूर, कडेचा हुलगा, परसातला भाजीपाला ही बायकांची पिकं नोंदवायची राहून जातात. मग ती पावसात गेली तर कागदावर काहीच गेलेलं नसतं.

शिवाय नोंद खातेदाराची. सातबाऱ्यावर आपलं नाव नसेल तर राबतो आपण आणि दिसतो दुसराच. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ज्यांच्या घरात हे राहिलंय त्यांनी तलाठ्याकडे चौकशी करा. मोबाइलचंही तसंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की आपल्याकडे स्वतः वापरायचा फोन आहे. ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. २०२५ च्या खरिपाआधी केंद्राच्या कृषी खात्याने १३ राज्यांतल्या सुमारे तीन कोटी ऐंशी लाख शेतकऱ्यांना मोसमी पाऊस कधी येणार याचे संदेश मोबाइलवर पाठवले. संदेश घराच्या फोनवर आला असेल, पण फोन मालकाच्या खिशात आणि खुरपणारी रानात. संदेश पोचला असं कागद म्हणणार. तो तुमच्यापर्यंत पोचला का?

आमच्या गटाची वही

त्या सप्टेंबरनंतर आमच्या गटाने एक वही घातली. खर्च काहीच नाही. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घेतला. तोंडाशी आणि बुडाशी सारखा रुंद असला की झालं, मग लहान असो की मोठा, थर तेवढाच येतो. निमुळता तांब्या किंवा पसरट पाटी चालत नाही. डबा उघड्यावर, कमरेइतक्या उंचीवर घट्ट बसवला. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, मिलिमीटर लिहायचे, डबा ओतून परत ठेवायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. शून्य न लिहिता जागा कोरी ठेवली तर पुढे कळत नाही की पाऊस नव्हता की मोजणारी माहेरी गेली होती. दर महिन्याला एकीची पाळी. महिन्यातून एकदा गावातल्या पाच विहिरींत दोर सोडून पाणी किती खोल आहे तेही लिहितो.

खरं सांगते, या वहीला सरकारी किंमत नाही. पंचनामा आजही मंडळाच्या यंत्रावरच होतो. पण पुढच्या वेळी पाहणीची मागणी करताना आमच्या अर्जाला तारीखवार आकडे आणि तारखेसकट फोटो जोडलेले होते. नुसतं "खूप पाऊस झाला" म्हणणं आणि "रात्री इतके मिलिमीटर झाला, या गटात इतकी बाजरी गेली" म्हणणं, यांत फरक पडतो. ऐकणाऱ्याला मान वर करावी लागते.

दुसरा उपयोग आम्हाला ठाऊकच नव्हता. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मेला मुंबईत आला, मुंबईत तो एवढ्या लवकर कधी आला नव्हता. रानं ओली झाली. गटातल्या सात-आठ जणींनी बियाण्याला कर्ज मागितलं, कारण शेजारच्याने तिफण काढली होती. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आम्ही बैठकीत वही उघडली आणि बेरीज केली. मग पुढच्या आठवड्यांचा अंदाज बघितला. तो उघडिपीचा होता. नुसती बेरीज बघून भागत नाही, पुढचंही बघावं लागतं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मे महिन्याच्या पावसावर आम्ही कधी पेरलं नाही. मृग लागू द्या." वही, मोबाइल आणि मावशी, तिघांचं एकमत झालं. कर्ज नाकारलं नाही, पंधरा दिवस पुढे ढकललं. मे महिन्यानंतर पाऊस खरंच दोन आठवड्यांहून जास्त अडला. गटाचा पैसा दुबार पेरणीत मातीत गेला नाही.

दर वेळी असं जमेल असं मी म्हणत नाही. कधी वही चुकेल, कधी अंदाज चुकेल, कधी मावशीही चुकतील. पण तिघांना एका सतरंजीवर बसवलं तर चूक लवकर सापडते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम सांगते. गटाच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र कुठल्या गावात आहे आणि आपल्यापासून किती लांब? आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीत आहे का? अटल भूजल योजनेतल्या गावांत तो केलेला आहे, जाऊन बघा. आणि तिसरं, आपला डबा कुणाच्या अंगणात ठेवायचा? डबा मिळाला की पहिली नोंद उद्या सकाळी साडेआठला. पाऊस नसेल तर शून्य लिहा, पण लिहा.

येते मी. भांडी राहिलीत माझीही. नमस्कार.